वाडा आणि वेदी : ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’चे पुनर्वाचन

इंग्रजीतील कॅथलिक कादंबरीचा विषय निघाला की ग्रॅहम ग्रीन यांच्या जोडीने ईव्हलिन वॉ यांचे नाव घेतले जाते, आणि वॉ यांचे नाव निघाले की ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ ही त्यांची कादंबरी आपोआप पुढे येते. १९४५ साली ती प्रसिद्ध झाली. १९८१ साली तिच्यावर आधारलेली अकरा भागांची दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि ज्यांनी पुस्तक कधी उघडलेही नव्हते अशांच्या डोळ्यांपुढे तो घुमटाचा प्रासाद, ते कारंजे, ती विस्तीर्ण हिरवळ कायमची उभी राहिली. कादंबरी मात्र मागे पडली. तिच्यात एका कॅथलिक कुटुंबाची आणि एका अश्रद्ध माणसाच्या श्रद्धेकडे झालेल्या प्रवासाची कथा आहे, हे पुष्कळांस सांगावे लागते.

ही कादंबरी आम्ही पुन्हा वाचली ती एक प्रश्न मनात धरून. इंग्लंडमधील जुने जमीनदारी वाडे विसाव्या शतकात शेकड्यांनी पाडले गेले. त्यांत कित्येक वाडे कॅथलिक घराण्यांचे होते. त्या वाड्यांबरोबर नेमके काय गेले आणि काय उरले? वॉ यांच्या कादंबरीत दोन शोक एकमेकांत मिसळलेले आहेत. एक वाडा गेल्याचा आणि दुसरा वेदी सुनी पडल्याचा. लेखकाला पहिला शोक अधिक गोड लागला आहे, आणि दुसरा त्याच्या हातून अधिक खरा उतरला आहे, असे आमचे मत झाले आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी कादंबरीबाहेरच्या एका खऱ्या वाड्याचा इतिहास आम्ही शेजारी ठेवणार आहोत.

प्रथम ‘वाडा’ या शब्दाविषयी. आपल्याकडे वाडा म्हटला की गावाच्या मध्यभागी असलेली, चौकाची, चार बाजूंनी बंदिस्त वास्तू मनात येते. इंग्रज जमीनदाराचा वाडा गावापासून दूर, स्वतःच्या हजारो एकरांच्या मधोमध असे. भोवती राखीव उद्यान, त्यापलीकडे कुळांची शेते, आणि कुंपणाच्या कडेला गाव. गावाचे पोट या वाड्यावर चाले आणि वाड्याचा डामडौल कुळांच्या खंडावर चाले. १८७० नंतर अमेरिकेतील स्वस्त गहू आगबोटींनी इंग्लंडात येऊ लागला तेव्हा धान्याचे भाव कोसळले, खंड घटला आणि या व्यवस्थेचा पायाच ढासळला. पुढे १८८२ च्या कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवलेल्या जमिनी विकण्याची मुभा मिळाली, आणि १८९४ साली वारसा मिळकतीवर नवा मृत्युकर बसला. त्याचा सर्वांत वरचा दर आरंभी ८ टक्के होता. १९१९ साली तो ४० टक्के झाला आणि १९४९ पर्यंत ८० टक्क्यांवर गेला. पहिल्या महायुद्धात थोरला मुलगा पडला आणि पाठोपाठ बाप वारला तर थोड्याच वर्षांत दोनदा कराला तोंड देण्याचा प्रसंग येई. दुसऱ्या महायुद्धात सरकारने वाडे ताब्यात घेऊन तेथे फौजा, शाळा, इस्पितळे बसविली. परत मिळाले तेव्हा छपरे गळत होती. मालकाने शिसे, लाकूड आणि संगमरवरी चुली विकल्या आणि भिंती पाडणाऱ्यांच्या हवाली केल्या. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने या विध्वंसाचे प्रदर्शन भरविले तेव्हा नष्ट झालेल्या वाड्यांची संख्या हजारावर गेल्याचे लोकांस प्रथमच कळले.

वॉ यांच्या कादंबरीचा निवेदक चार्ल्स रायडर हा या विध्वंसाच्या काळातला चित्रकार आहे, ही गोष्ट समीक्षकांनी म्हणावी तितकी लक्षात घेतलेली नाही. त्याचा धंदाच मुळी जाणाऱ्या घरांची चित्रे काढण्याचा आहे. लिलाव पुकारणारा येण्याच्या जेमतेम आधी हा चित्रकार पोहोचतो, अशी स्थिती तो स्वतःच वर्णितो. त्याची पहिली मोठी कामगिरी म्हणजे मार्चमेन कुटुंबाचे लंडनमधील घर. ते विकले जाऊन पाडले जाणार असते, त्या जागी सदनिकांची इमारत उभी राहणार असते, आणि थोरला मुलगा ब्राइडी त्याला आठवणीखातर चार चित्रे काढावयास सांगतो. त्या चित्रांपासून रायडरला नाव मिळते, पैसा मिळतो. दुसऱ्याच्या घराची राख होताना या माणसाचे भाग्य उजळते. वॉ यांनी हा उपहास मोठ्या संयमाने, एकही शब्द वर न चढविता, मांडला आहे. पुढे अँथनी ब्लांश नावाचे एक वाह्यात, पण तीक्ष्ण नजरेचे पात्र रायडरला तोंडावर सांगते की त्याची चित्रे मोहक आहेत आणि मोहकपणा हाच इंग्रजांचा रोग आहे. आम्हांस वाटते, वॉ यांनी स्वतःच्या कादंबरीवरची सर्वांत नेमकी टीका येथे स्वतःच लिहून ठेवली आहे.

कारण कादंबरीचा पहिला भाग मोहक आहे, अति मोहक आहे. ऑक्सफर्डमधील ते दिवस, सेबास्टियनचे ते सौंदर्य, फळे, मद्य, उन्हाळा! युद्धकाळातील टंचाईत, १९४४ च्या पूर्वार्धात, सैन्यातून रजा घेऊन वॉ हे पुस्तक लिहीत होते. साध्या अन्नाला आणि रंगहीन गणवेशाला कंटाळलेल्या माणसाची भूक त्या वाक्यांत उतरली, हे त्यांनी पुढे १९६० च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले. त्याच प्रस्तावनेत त्यांनी आणखी एक कबुली दिली आहे. १९४४ साली असे वाटत होते की हे वाडे आता नामशेष होणार; म्हणून आपण त्यांच्यावर शोकाचा साज जरा अधिकच चढविला; प्रत्यक्षात पुढे याच वाड्यांचे कौतुक सुरू झाले आणि तिकीट काढून लोक ते पाहू लागले. ज्याचे मृत्युलेख लिहिले तो मनुष्य बरा होऊन हिंडू लागावा, तशी ही अवस्था! वॉ यांच्या ठायी असलेला विनोदी लेखक अशा वेळी जागा होतो आणि आम्हांस तो आवडतो.

परंतु दुसरा शोक, वेदीचा, तो असा खोटा पडत नाही. लेडी मार्चमेन वारल्यानंतर घरातील प्रार्थनामंदिर बंद केले जाते. तो प्रसंग धाकटी मुलगी कॉर्डेलिया रायडरला सांगते. धर्मगुरू येतात, वेदीतील पवित्र शिळा काढून घेतात, तैलाभ्यंगाचा कापूस जाळतात, पवित्र जलाचे भांडे रिकामे करतात, साक्रामेंतासमोरचा दिवा विझवितात आणि टॅबर्नेकलचे दार रिकामे, उघडेच ठेवून निघून जातात. सांगणारी मुलगी पंधरा वर्षांची, ऐकणारा नास्तिक. तिच्या तोंडी लेखकाने अश्रू घातलेले नाहीत. केवळ क्रम सांगितला आहे, जसा एखादा सेवक मुलगा सांगेल. गुड फ्रायडेच्या दिवशी वस्त्रहीन वेदी आणि उघडे टॅबर्नेकल पाहण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या वाचकाला हे दहा ओळींचे वर्णन घुमटाच्या आणि कारंज्याच्या दहा पानांपेक्षा अधिक जड वाटते.

आता एक बारकावा. ब्राइड्सहेडचा प्रासाद जुना. पण त्यातील श्रद्धा किती जुनी? कादंबरी नीट वाचली तर उत्तर मिळते की अवघी एका पिढीची. फ्लाइट घराणे परंपरेने कॅथलिक नव्हते. लॉर्ड मार्चमेनने लग्नाच्या वेळी पत्नीचा धर्म स्वीकारला, आणि ते प्रार्थनामंदिर म्हणजे त्याने पत्नीला दिलेली लग्नाची भेट. जुने कॅथलिक घराणे तिच्या माहेरचे, आणि त्या माहेरचे तिन्ही भाऊ पहिल्या महायुद्धात पडलेले. त्या मंदिराची सजावट वॉ यांनी ज्या मॅड्रेसफील्ड येथील वाड्यावरून उचलली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, तो लिगन कुटुंबाचा वाडा अँग्लिकन होता. वॉ स्वतः १९३० साली, सत्तावीस वर्षांच्या वयाच्या आत, येशूसंघीय फादर मार्टिन डार्सी यांच्या हस्ते ख्रिस्तसभेत आले होते. म्हणजे मित्राच्या अँग्लिकन घराला नवख्या कॅथलिकाने आपल्या नव्या श्रद्धेचे वस्त्र नेसविले. यात गैर काही नाही. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. पण पुष्कळ वाचक ब्राइड्सहेडकडे छळाच्या शतकांतून तगून राहिलेल्या जुन्या कॅथलिक वाड्याचा नमुना म्हणून पाहतात, आणि तेथे फसतात. तो खरा नमुना वेगळा होता.

राणी एलिझाबेथच्या राज्यात मिस्सा हा गुन्हा ठरला. १५८१ च्या कायद्याने प्रॉटेस्टंट देवळात न जाणाऱ्यास दरमहा २० पौंड दंड बसला; १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेतलेला धर्मगुरू इंग्लंडात सापडणे हा राजद्रोह आणि त्याला आसरा देणे हा देहदंडाचा गुन्हा झाला. गावातील देवळे गेली, मठ तर त्याआधीच उद्ध्वस्त झालेले. मग मिस्सा कोठे व्हावी? ज्याच्या घरात माळ्यावर, तळघरात चार माणसे जमू शकतील आणि नोकरचाकर फितूर होणार नाहीत, अशा जमीनदाराच्या घरी. निकोलस ओवेन नावाचा एक ठेंगणा सुतार, येशूसंघाचा बंधू, रात्री रात्री जागून या घरांत धर्मगुरूंसाठी लपण्याच्या जागा कोरीत असे. १६०६ साली तुरुंगात छळाने त्याचा अंत झाला, पण त्याने एकही जागा सांगितली नाही. १९७० साली तो संत घोषित झाला. वाड्याची वास्तू जमीनदाराची असली तरी तिची लाज राखणारा हा कारागीर होता, हे विसरता कामा नये.

त्या काळची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १५७८ च्या उन्हाळ्यात राणी लवाजम्यासह पूर्व परगण्यांच्या दौऱ्यावर निघाली. सफोकमधील यूस्टन येथे एडवर्ड रुकवुड या तरुण कॅथलिकाच्या घरी तिचा मुक्काम पडला. पाहुणचार झाला, आणि निघण्याच्या सुमारास घराच्या आवारात गवताच्या गंजीत दडविलेली पवित्र मरियेची मूर्ती सापडली. राणीच्या आज्ञेने ती सर्वांसमक्ष जाळण्यात आली. यजमान नॉरिचच्या तुरुंगात गेला. त्याच दौऱ्यात राणी नॉरिचजवळच्या ज्या दुसऱ्या एका कॅथलिक वाड्याच्या उद्यानात शिकारीसाठी गेली, त्या वाड्याकडे आता वळावयाचे आहे.

त्या गावाचे नाव कॉस्टेसी असे लिहितात, पण उच्चार ‘कॉसी’ असा करतात. नॉरिचच्या पश्चिमेस सुमारे चार मैलांवर ते आहे. १५५३ साली मेरी ट्यूडरने गादीवर हक्क सांगितला तेव्हा तिच्या पाठीशी अगदी आरंभी उभे राहणाऱ्या सरदारांत सर हेन्री जर्निंगहॅम होते. राणीने कॉसीची जहागीर त्यांना दिली. मेरीनंतर काळ फिरला, पण जर्निंगहॅम फिरले नाहीत. सव्वादोनशे वर्षे दंड भरीत, सरकारी पदांपासून वंचित राहून, मुलांना शिक्षणासाठी समुद्रापलीकडे पाठवून हे घराणे टिकले. आजोळच्या बाजूने त्यांचा संबंध व्हायकाउंट स्टॅफर्ड विल्यम हॉवर्ड यांच्याशी होता. टायटस ओट्स या लबाडाने रचलेल्या तथाकथित कटाच्या खटल्यात, निर्दोष असून, १६८० साली त्या वृद्धाचा शिरच्छेद झाला. १९२९ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. शिक्षेबरोबर जप्त झालेला तो किताब १८२४ साली पार्लमेंटने कलंकमुक्त केला, आणि कॉसीचे सर जॉर्ज जर्निंगहॅम लॉर्ड स्टॅफर्ड झाले.

१७९१ च्या कायद्याने कॅथलिकांना उघड उपासनेची परवानगी मिळाली, पण अट अशी की मंदिराला मनोरा नको आणि घंटा नको. देव असावा, पण त्याचा आवाज रस्त्यावर येऊ नये, असा हा उदारपणा! या मुभेनंतर, १८०९ साली, कॉसीच्या वाड्याला लागून गॉथिक शैलीचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. पुढे १८२६ च्या सुमारास, नवा किताब मिळाल्यावर, लॉर्ड स्टॅफर्ड यांनी जॉन बकलर या वास्तुशिल्पज्ञाकडून जुन्या घराशेजारी अफाट विस्ताराचे काम आरंभिले. बुरूज, कंगोरे, पिळाच्या धुराड्या, कमानदार खिडक्या असे सारे विटांत. त्यासाठी गावातच गन्टन नावाच्या कुटुंबाचा वीटकारखाना जोमास आला. साच्यात घालून काढलेल्या त्यांच्या नक्षीदार विटा ‘कॉसी’च्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या आणि परगण्यातल्या इतर इमारतींनाही लागल्या. अडीच शतके दबून राहिलेल्या घराण्याला आता आपण आहोत हे जगाला दाखवावयाचे होते, असे त्या बुरुजांची जुनी छायाचित्रे पाहून वाटते. त्यांची ती हौस समजण्यासारखी आहे. पण ज्या वर्षांत हा डौल वर चढत होता त्याच वर्षांत गावाच्या बाजूला दुसरे एक बांधकाम चालले होते, आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते आहे.

१८२० साली फ्रेडरिक चार्ल्स हुसेनबेथ नावाचे तरुण धर्मगुरू वाड्याचे चॅप्लेन म्हणून कॉसीला आले. त्यांनी वाड्यात बिऱ्हाड केले नाही; गावातील एका साध्या घरात ते राहिले आणि थोड्या महिन्यांचा अपवाद सोडता १८७२ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. विद्वान माणूस, संतांच्या चित्रांतील चिन्हांवरचा त्यांचा ग्रंथ अभ्यासक पुढेही वापरीत राहिले. गावातील कॅथलिकांसाठी वाड्याबाहेर स्वतंत्र मंदिर असावे यासाठी त्यांनी खटपट केली, आणि १८४१ साली ते उघडले. नाव दिले पवित्र मरिया व संत वॉल्स्टन यांचे.

संत वॉल्स्टन हे नाव आपल्याकडे कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. नॉरफोकच्या शेतमजुरांचा हा संत. आख्यायिका सांगते की तो राजकुळात जन्मला, पण घर सोडून, अंगावरची वस्त्रे देऊन टाकून शेतावर मजुरीला राहिला, आणि १०१६ साली ३० मे रोजी गवत कापता कापता वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याचे शव गाडीत घालून बैल मोकळे सोडले. ते कॉसीच्या रानातून चालत शेजारच्या बॉबर गावी थांबले, आणि जेथे जेथे विसावले तेथे झरा फुटला. शतकानुशतके नांगरे आणि कापणीवाले बॉबरच्या समाधीला जात; आठव्या हेन्रीच्या काळात ती समाधी फोडली गेली. आपल्याकडील शेतकरी संत इसिदोरला ज्या भावनेने पाहतात तीच ही भावना. लॉर्डांच्या उंबरठ्यावर मंदिर बांधताना हुसेनबेथ यांनी राजपुत्रपण टाकून मजूर झालेल्या संताचे नाव निवडले. त्यांनी त्याचे चरित्रही लिहिले. या निवडीमागे काही मूक अभिप्राय होता की केवळ स्थानिक भक्ती, याचा निर्णय वाचकांनी करावा. आम्हांस ती निवड अतिशय बोलकी वाटते.

पुढचा भाग थोडक्यात संपतो, कारण वाडे पडण्याची हकीकत सर्वत्र सारखीच असते. १९१३ साली अकरावे लॉर्ड स्टॅफर्ड निपुत्रिक वारले. किताब भाच्याकडे, फिट्झहर्बर्ट घराण्याकडे गेला. त्यांचा स्वतःचा वाडा स्टॅफर्डशायरमध्ये होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सामानाचा लिलाव झाला. महायुद्धात सैन्याने वाडा वापरला. युद्धानंतर त्याला गिऱ्हाईक नव्हते. विटा, दगड, लाकूड सुटे करून विकले गेले आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत सारे भुईसपाट झाले. उरला तो घंटाघराकडचा एक पडका भाग, आणि भोवतालच्या उद्यानाचे पुढे गोल्फचे मैदान झाले. ज्या लोकांना कायद्याने घंटा नाकारली होती त्यांच्या वाड्यातून नेमके घंटाघरच उरावे, हा इतिहासाचा विनोद. गावातील संत वॉल्स्टनचे मंदिर मात्र उभे राहिले, आणि वाड्यानंतरही तेथील कॅथलिकांचा धर्मग्राम चालत राहिला. वीटभट्टीवाल्यांची, माळ्यांची, मोलकरणींची नातवंडे तेथे बाप्तिस्मा घेत राहिली.

हा इतिहास मनात ठेवून आम्ही पुन्हा कादंबरीकडे पाहिले तेव्हा एक उणीव ठळक दिसली. ब्राइड्सहेडमध्ये प्रार्थनामंदिर आहे, पण धर्मग्राम नाही. जवळच्या मेलस्टेड गावी चर्च आहे, तेथून फादर मॅके येतात. पण त्या गावचे लोक, त्यांची लग्ने, त्यांचे मर्तिक, यांतले काही वॉ यांच्या दृष्टीस पडत नाही. फादर मॅके हे पात्र किती सुंदर आहे! साधा, भाबडा, अपमान न कळल्यासारखे दाखवून मरणाऱ्या लॉर्डाजवळ पुन्हा येणारा धर्मगुरू. त्याने दिलेल्या तैलाभ्यंगानंतर आयुष्यभर धर्म टाकलेला लॉर्ड मार्चमेन हळूच हात उचलून क्रुसाची खूण करतो. अशा क्षणी कादंबरी थोर होते. पण हा माणूस रोज सकाळी कोणासाठी मिस्सा करीत असेल, हे विचारावेसे लेखकास वाटलेले नाही. नॅनी हॉकिन्सचेही तेच. घुमटाखालच्या वरच्या खोलीत हातात रोझरी घेऊन डुलक्या घेणारी ही म्हातारी दाई प्रत्येक उलथापालथीत जागच्या जागी राहते. सारे कुटुंब पांगते, ती उरते. एवढे अर्थपूर्ण पात्र निर्माण करून वॉ तिला आठवणींच्या शोभेच्या वस्तूंत ठेवतात. कॉर्डेलिया मात्र वेगळी. स्पेनच्या यादवीत शुश्रूषेचे काम करून ती परत येते तेव्हा तिच्यात वाड्याचे काही शिल्लक नसते, श्रद्धेचे सारे असते.

वॉ यांचा अशा भग्न वैभवाकडे ओढा होताच, आणि तो त्यांना आपल्या किनाऱ्यावरही घेऊन आला. १९५२ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षे झाल्यानिमित्त जुन्या गोव्यात शवदर्शन झाले, त्यासाठी ते आले होते आणि पुढल्या वर्षी त्यांनी त्यावर लेख लिहिला. संत अगस्तीनच्या पडक्या मठाचा एकाकी मनोरा त्यांच्याही दृष्टीस पडला असेल. जुने गोवे म्हणजे एका वाड्याऐवजी अख्खे शहर हरवलेले. पण तेथे यात्रेला लोटणारे लोक बोटीतून, बैलगाडीतून, पायी येणारे साधे लोक होते.

आणि इंग्लंडच्या वाड्यांशी आपले, मराठी ख्रिस्ती वाचकांचे, नाते याहूनही जुने आहे. हॅम्पशायरमध्ये बेलमाँट येथे थॉमस पाउंड नावाचा दरबारी सरदार राहत असे. दरबार सोडून तो कॅथलिक श्रद्धेकडे वळला, आणि विल्टशायरचा एक तरुण त्याच्याबरोबर नोकराच्या वेषात राहू लागला. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावयाचे ठरविले होते. निघण्यापूर्वी पाउंड पकडला गेला. पुढची सुमारे तीस वर्षे त्याने निरनिराळ्या तुरुंगांत काढली. नोकर झालेला तो तरुण एकटा रोमला गेला, १५७५ साली संघात दाखल झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स. चाळीस वर्षे त्यांनी या भूमीवर काढली आणि आपल्या भाषेला रत्नांची, फुलांची उपमा दिली. त्यांच्या ग्रंथाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ सालच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरीही पुराण जगले, कारण लोकांनी ते हाताने उतरून घेतले, देवळांत आणि घरांत म्हटले, आणि त्या हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले. सरदाराच्या घरी नोकर म्हणून राहिलेल्या माणसाने मागे ठेवलेले हे धन सामान्य कुटुंबांनी सांभाळले.

म्हणूनच वॉ यांच्या कादंबरीतील हूपर या पात्राविषयी आमचे त्यांच्याशी भांडण आहे. हूपर हा रायडरच्या हाताखालचा तरुण लष्करी अधिकारी. सामान्य घरातला, सामान्य उच्चाराचा, इतिहासातल्या वीरगाथांनी कधी न हेलावलेला. येणाऱ्या नव्या, रसहीन युगाचे प्रतीक म्हणून रायडर त्याच्याकडे पाहतो, आणि त्याच्या पाठीमागे लेखकही उभा आहे हे लपत नाही. लेडी मार्चमेनचे शूर भाऊ मेले ते अशा हूपरांना जग मोकळे करून देण्यासाठीच का, असा कडवट सूरही कादंबरीत लागतो. १९६० च्या प्रस्तावनेतही हूपरची घोडदौड जागोजाग रोखली गेल्याचे समाधान वॉ व्यक्त करतात. हा उच्चवर्गीय तिरस्कार आम्हांस खुपतो, आणि तो केवळ आमच्या सामाजिक जाणिवेला खुपतो असे नाही, तो कादंबरीच्याच शेवटाशी विसंगत आहे.

शेवट असा. युद्धात ब्राइड्सहेडवर फौजेचा तळ पडला आहे. कारंजे कोरडे, भिंती खरवडलेल्या. बॉम्बहल्ल्यात बेघर झालेल्या एका वृद्ध धर्मगुरूने बंद पडलेले मंदिर उघडले आहे, आणि तळाची व्यवस्था पाहणारा अधिकारी रायडरला सहज सांगून जातो की आश्चर्य वाटावे इतके सैनिक तेथे जातात. रायडर आत जातो, नव्याने शिकलेली जुनी प्रार्थना म्हणतो, साक्रामेंतासमोर पुन्हा पेटलेला दिवा पाहतो आणि बाहेर पडतो तो प्रसन्न मुद्रेने. वाडा कोणी बांधला, का बांधला, तो कसा मोडला, या साऱ्यापलीकडे हा लहानसा तांबडा दिवा आहे, अशा अर्थाचा विचार त्याच्या मनात येतो. या पानांवर वॉ यांचा वाडा खरोखरच हरवतो आणि वेदी उरते. कॉसीला जे घडले तेच, फक्त कॉसीला ते एका पानात न घडता शंभर वर्षांत घडले.

कादंबरीचा आरंभ मात्र बारकाईने पाहावा. फौज रात्रीच्या अंधारात येऊन उतरली आहे. आपण कोठे आलो हे रायडरला अजून नुकतेच कळले आहे. तेव्हा त्या घरात एक रोमन चर्च आहे, आपण आत डोकावलो, आत उपासना चालली होती, धर्मगुरू आणि एक म्हातारा एवढेच होते, आणि आपल्याला अवघडल्यासारखे झाले, ही बातमी त्याला कोण देतो? हूपर. मंदिर जिवंत असल्याची वार्ता साऱ्या कादंबरीत प्रथम त्याच्याच तोंडून येते, आणि रायडर ती कानाआड करतो.